साडेपाचचं वाचन

"सरोज, पाण्याला आज कसला वास येतोय गं?"

ह्यांनी आतल्या खोलीतून विचारलं तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत टाकीत होता आणि हातात जुना टूथब्रश होता. घट बसायला एकच दिवस उरला होता. माळे झाले, पंखे झाले, देवघरातलं पितळ चिंचेने घासून झालं. हॉलमधली दोन फुटांची समुद्राची टाकी तेवढी राहिली होती.

"कसला नाही. काच पुसतेय."

"आतून?"

"आतून-बाहेरून. उद्या घट बसतायत. सगळं घर लख्ख आणि तुमचा समुद्र तेवढा पारोसा, बरं दिसतं का ते?"

हे हसले. "पूस बाई. दगडाला मात्र हात लावू नकोस."

हात लावून झाला होता. मागच्या दगडाच्या कपारीत मला काहीतरी तपकिरी, पातळ असं हलताना दिसलं होतं. बोटाच्या पेराएवढं. खाली काचेसारखा देठ, वर झालर. पण माझ्या डोळ्यांना झालर वगैरे दिसली नाही, जळमट दिसलं. नवरात्राच्या तोंडावर घरात जळमट म्हणजे माझ्या लेखी पाप. ब्रश लावला तर ते चटकन भोकात शिरलं. मला कुणी असं चकवलेलं चालत नाही. मी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली, टोक भोकात घातलं आणि कोरकोरून ते काढलं. त्याचे बारीक बारीक कण पंपाच्या धारेत गेले आणि टाकीभर फिरून दिसेनासे झाले. दगड स्वच्छ झाला. मी हात पुसले आणि पुरणाची डाळ निवडायला बसले.

आमचे हे, पद्माकर क्षीरसागर, सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं रंगमास्तर होते. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, ह्यांनी समुद्रच घरी आणला. पाकिटातलं मीठ शुद्ध पाण्यात कालवायचं, भट्टीत भाजलेले दगड रचायचे आणि वर निळा दिवा लावायचा. क्षीरसागरांच्या घरी खारा सागर, अशी थट्टा सगळी आळी करायची. त्यात दोन केशरी मासे होते, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यांची नावं ह्यांनी ताणा आणि बाणा ठेवली होती. आणि पुढच्या दगडावर झेनिया होता. झेनिया म्हणजे मऊ जातीचं पोवळं. इवल्या इवल्या हातांचा गुच्छ असतो, आणि ते हात दिवसभर मुठी उघडत-मिटत असतात. मला सुरुवातीला किळस यायची, खोटं कशाला बोलू?

साखरेने ह्यांचा आधी उजवा डोळा नेला, मग डावा. डावा जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्या शेवटच्या आठवड्यात हे तासन्तास झेनियासमोर बसायचे. मी म्हटलं, "देवळात जाऊन या, सिद्धेश्वराला बघून घ्या, हे काय बघत बसलात?" तर म्हणाले, "सिद्धेश्वर जागचा हलत नाही. हा सारखा हलतो. हलणारं नीट साठवून घेतोय." ह्यांच्या डोळ्यांनी नीट पाहिलेलं शेवटचं म्हणजे ते.

त्यानंतर टाकी माझ्या गळ्यात पडली. मीठ कालवणं, काच पुसणं, माशांना खाऊ घालणं, सगळं हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला, टायमरने निळा दिवा लागला की, म्हणायचे, "चल, टाकी वाच."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "झेनिया उघडलाय. मासे आहेत. झालं."

"झेनियाचा रंग?"

"हिरवट."

"हिरवट हा रंग नाही, ती तक्रार आहे. कुठला हिरवा?"

"कैरीचा."

"सालीचा की आतला?"

मी स्टुलावर वाकून पुन्हा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या रंगाकडे इतका वेळ बघत होते. "आतला," मी म्हटलं. "पण कोवळ्या कैरीचा नाही. पाडाला आलेल्या."

हे मागे टेकले. "हां. दिसला."



आमच्यात भांडणं नव्हती, पण बोलणंही नव्हतं. हे कारखान्यातून यायचे, नखं निळी नाहीतर किरमिजी झालेली असायची, मी शर्ट घासायची. जेवण, मुलीचा अभ्यास, दिवाबत्ती, झोप. पस्तीस वर्षं अशी गेली. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली तेव्हा घरात आवाज उरला तो कुकरचाच. आणि आता रोज संध्याकाळी मी अर्धा-अर्धा तास बोलत होते. ताणाच्या पोटाचा केशरी म्हणजे कालच्या जिलेबीचा की आजच्या, ह्यावर आम्ही वाद घालायचो. टाकीचं वाचन संपलं की गाडी पुढे सरकायची, माझ्या माहेरच्या विहिरीच्या पाण्याचा रंग, आमच्या लग्नातल्या शालूचा रंग. तो शालू चिंतामणी रंगाचा नव्हताच, विकणाऱ्याने फसवलं, हे ह्यांनी मला पस्तीस वर्षांनी सांगितलं. एवढी हसले मी त्या दिवशी.

कोजागिरीच्या सकाळी काच पुसताना मला मागच्या दगडावर इवले इवले तपकिरी ठिपके दिसले. चष्मा लावून बघितलं तर प्रत्येकाला देठ आणि प्रत्येकाला झालर. मोजायला सुरुवात केली. सदतिसाव्याला थांबले, कारण पुढच्या दगडावर, झेनियाच्या पायाशीही चार-पाच उगवले होते, आणि झेनियाच्या त्या बाजूचे हात मिटलेले होते.

भाजी आणते असं सांगून मी श्रीशैलच्या दुकानात गेले. श्रीशैल मठपती म्हणजे चाळिशीचा, जाडजूड, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मासे, मीठ, दिवे, सगळं त्याच्याकडून यायचं. ह्यांना तो गुरूच मानायचा.

मी ठिपक्यांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता.

"काकू, काचेवानी देठ? हात लावला की भोकात पळतंय?"

"हो."

"समुद्रफुलाचीच जात हाय ती, पण तण. शेतात हरळी तशी टाकीत ही. पोवळ्याला डंख मारती, जागा खाती." मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगा, घासलात काय?"

"सुरीने कोरून काढलं," मी म्हटलं.

"अरारा! काकू, हरळीचा तुकडा राहिला तर परत येती. ह्याचा तर कण पुरतोय. एकाचे शंभर केलात की ओ तुम्ही."

मी तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं ज्या हातांचं मी कौतुक करून घेतलं, त्या हातांनी हे केलं होतं. अति तिथं माती म्हणतात, ती माझ्या स्वच्छतेची झाली.

"काकांना सांगा. त्यांना इलाज माहीत हाय."

"नाही. ह्यांना सांगायचं नाही."

"पण काकू..."

"शपथ घे. सिद्धरामेश्वराची. तुझ्या तोंडून जायला नको."

त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. ह्यांच्या रागाची मला भीती नव्हती. हे ओरडले असते तर बरंच वाटलं असतं. पण हे ओरडायचे नाहीत. "असू दे" म्हणायचे आणि खुर्चीत गप्प बसून राहायचे. ह्यांनी जे शेवटचं साठवून घेतलं होतं, ते माझ्या भाजीच्या सुरीपायी मरायला लागलंय, हे मला ह्यांच्या तोंडासमोर म्हणवत नव्हतं. आणि मग साडेपाचला काय वाचायचं? म्हणून ठरवलं की गुपचूप सगळं निपटायचं, झेनिया वाचवायचा, आणि हे कधी झालंच नाही असं करायचं.

इलाज श्रीशैलनेच सांगितला, आणि तो ऐकून मला हसावं की रडावं कळेना. चुना. पानपट्टीवर मिळतो तो साधा चुना, उकळून गार केलेल्या पाण्यात दाट ताकासारखा कालवायचा, इंजेक्शनच्या सुईत भरायचा आणि एकेकाच्या तोंडात हळूच सोडायचा. खाऊ समजून ते गिळतं आणि आतून विरघळतं. पण आधी पंप बंद करायचा, नाहीतर चुना टाकीभर पसरून मासे मरतील. वीस मिनिटं पाणी स्थिर ठेवायचं आणि मग पंप सुरू करायचा.

सुया घरात होत्याच. सकाळ-संध्याकाळ मी ह्यांना इन्सुलिन टोचत होते, त्याच सुया. ह्यांना टोचायची ती सुई मी कधी चुकवली नाही, टाकीतली पहिलीच सुई मात्र चुकून दगडावर गेली.

दुपारी जेवून हे आतल्या खोलीत आडवे व्हायचे. घोरायला लागले की मी पंप बंद करायची, आणि टाकीत हात. एका दुपारी दहा व्हायचे, फार तर बारा. ते सुईकडे तोंड पसरायचे, चुना गिळायचे आणि पांढरे होऊन आकसायचे. मला वाईटही वाटायचं. भूक लागलेल्याला असं खाऊ घालावं का? पण दुसऱ्या दिवशी बघावं तर मेलेल्या दहांच्या जागी वीस नवे. मी जिथे घाईने टोचत होते तिथे ते अर्धवट फाटत होते, आणि फाटलेला प्रत्येक कण नवा संसार मांडत होता.

आणि संध्याकाळी वाचन.

"झेनिया?"

"उघडलाय."

"सगळा?"

"सगळा. कैरी. पाडाची, आतली."

"हां. दिसला."

खोटं बोलणाऱ्याला आठवण दांडगी लागते. काल काय रंग सांगितला, ताणा कुठल्या दगडामागे होता, सगळं मी मनात जपून ठेवायची. दिवसाला एकेक हात मिटत होता आणि मी तो आकडा ह्यांच्यापासून लपवत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. हे नुसते "आज लवकर उठलीस?" म्हणाले तरी मी लगेच कारणं सांगायला लागायची.

एका सकाळी इन्सुलिन देताना ह्यांनी माझा हात धरला आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. "बोटं खरखरीत झालीत गं तुझी. भेगा पडल्यात."

"दिवाळीची भांडी," मी म्हटलं. चुन्याने कातडी सोलली होती.

"भांडी," हे म्हणाले, आणि सोडला हात.

दिवाळीच्या आधी श्रीशैल मिठाची पिशवी घेऊन आला आणि सोबत तीन लालसर रेघांचे झिंगे दिले. "दिवाळी भेट," म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "ही पोरं ते तण खात्यात काकू. बारीक बारीक सगळं वेचतील." आणि खरंच, झिंग्यांनी बारीक वेचले. पण मोठ्यांना ते हात लावत नव्हते, आणि मोठे आता झेनियाच्या मुळाशी पाय रोवून बसले होते. नरकचतुर्दशीच्या दुपारी झेनियाचे शेवटचे तीन हात मिटले. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरी बुळबुळ होती. मी ती नळीने ओढून घेतली आणि मोरीत ओतली, आणि मोरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले.

त्या संध्याकाळी मी वाचलं, "झेनिया उघडलाय."

पाडव्याला सकाळी मी ह्यांना ओवाळलं. हे म्हणाले, "ओवाळणीत काय देऊ? मला बाजारात तर जाता येत नाही."

"काही नको. तुम्ही आहात ते बास आहे."

"मग मलाच एक दे. एकदा टाकीत हात घालू दे. साबण लावून, धुऊन, तुझ्या मनासारखा स्वच्छ करून."

पाडव्याच्या दिवशी नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी ह्यांचा हात धुतला, पुसला, मनगटाला धरून टाकीत सोडला. 

ह्यांची बोटं दगडावर उतरली. ही साधी बोटं नव्हती. नुसता धागा चिमटीत धरून हे त्याचा नंबर सांगायचे. बोटं पुढच्या दगडावर चढली, झेनियाच्या जागी आली. तिथे आता सगळीकडे तेच होते, दाटीवाटीने. ह्यांनी शिवताच ते एकापाठोपाठ एक मिटत गेले. बोटं तिथेच थांबली. फार वेळ थांबली. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण त्यावर मला काही वाचता येईना. ताणा येऊन ह्यांच्या मनगटाला ढुशी देऊन गेला.

मग हे म्हणाले, "केवढा फोफावलाय गं. मुठी मारतोय बघ, अगदी बोटं धरतोय."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच नाही, मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं. म्हटलं, जमलं. ह्यांच्यासारख्या माणसाला आपण फसवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या बोटांवर लाल पुरळ दिसली. विचारलं तर म्हणाले, "साखर बघायला रोज टोचतेस त्याची असेल." मी खोबरेल लावलं आणि विषय संपवला.

पुढचे दोन महिने मी नसलेली टाकी वाचली. दुपारचा चुना मी सोडून दिला होता. वाचवायला काही उरलं नव्हतं. वाचनात मात्र झेनिया वाढत होता. मी त्याला नवीन फुटवे आणले, दुसऱ्या दगडावर चढवलं. हे विचारायचे, "फुटव्याचा रंग?" मी सांगायची, "कोवळ्या कारल्याचा." हे म्हणायचे, "हां. दिसला." आणि बोलणं चालू राहायचं.

भोगीच्या संध्याकाळी मात्र माझ्याच्याने होईना. बाहेर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी चालली होती, मी दिवसभर तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी करत उभी होते, पाय दुखत होते. साडेपाचला दिवा लागला. ह्यांनी खुर्ची ओढली. "चल, टाकी वाच."

मी टाकीकडे बघितलं. सगळी टाकी तपकिरी झाली होती. एकदम मला त्या खोट्याची शिसारी आली. "आज नको हो," मी म्हटलं. "रोज तेच ते काय वाचायचं? उद्या वाचते."

ह्यांनी चाचपून माझं स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "बरं. बस तू इथे. आज मी वाचतो."

"तुम्ही?"

"हो. खोबरेल आण आणि हात दे इकडे."

मी वाटीत खोबरेल आणलं आणि स्टुलावर बसले. हे थंडीने पुन्हा उललेल्या माझ्या बोटांच्या भेगांना एकेक करून तेल लावत गेले आणि टाकीकडे तोंड करून वाचत गेले. "पुढच्या दगडावर झेनिया आहे. पाडाच्या कैरीचा, आतला. डावीकडचा फुटवा कोवळ्या कारल्याचा. मागे सावलीत थोडा काळपट, वांग्याच्या देठासारखा. एक मूठ उघडली की शेजारची मिटतेय. ताणा त्याच्या पुढे उभा आहे, आजच्या जिलेबीचा. बाणा रुसलाय, मागे गेलाय." सगळे शब्द माझे होते. तीन महिन्यांत मी जे जे खोटं सांगितलं होतं, ते ह्यांनी एकही न विसरता माझ्यापुढे मांडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही हात ह्यांच्याकडे होते.

वाचून झाल्यावर हे म्हणाले, "दिसला?"

मी म्हटलं, "दिसला."

संक्रांतीच्या सकाळी मी इन्सुलिनची सुई भरून खोलीत गेले. हे उजव्या कुशीवर होते, रोजच्यासारखे. दंडाला हात लावला तर दंड गार होता. झोपेतच हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. सुई माझ्या हातातच होती. ती मी किती वेळ धरून उभी होते मला माहीत नाही.

तेरावं झालं. मुलगी परत गेली. दुसऱ्या दिवशी मी श्रीशैलला बोलावलं, म्हटलं, "ने बाबा ही टाकी. मासे तरी चांगल्या पाण्यात जातील."

तो टाकीसमोर उभा राहिला. आत बोट ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे तपकिरी झालरी हलत होत्या.

"ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही," मी म्हटलं. "एवढंच काय ते समाधान."

श्रीशैल रुमालाने मान पुसत राहिला. कितीतरी वेळ पुसत होता. मग म्हणाला, "काकू, मी शपथ मोडली नाही. मी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"काकांनीच फोन केलता. कोजागिरीनंतर आठवड्याभरात. तुम्ही मंडईत गेलता तवा. म्हणाले, 'श्रीशैल, रोज दुपारी पंप बंद होतोय, वीस मिनिटांनी चालू होतोय. चुना तूच सांगितलास ना तिला?'"

"चुन्याचं ह्यांना कसं कळलं?" मी विचारलं.

"पाच वर्षांखाली अशीच दोन-तीन आलती टाकीत. तवा काकांनी स्वतः चुना घातलता. तुमचं लक्ष नव्हतं टाकीकडं त्या टायमाला. पंपाच्या आवाजावरून कळलं त्यांना."

"पण हे तर घोरत असायचे."

"सोंग करत होते की. म्हणाले, घोरायचं सोंग करताना हसू दाबावं लागतंय. अन् ती झिंग्याची दिवाळी भेट माझी नव्हती. त्यांनीच सांगितलतं, नाव सांगू नको म्हणून."

मी टाकीत झिंगे शोधायला लागले. तो पुढे बोलत राहिला. "मी म्हटलं, काका, मी येतो, दोघं मिळून साफ करू. काकूंना सांगून टाका तुम्हाला माहीत हाय म्हणून. जीव तोडून करायल्यात ओ त्या. तर नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, 'सांगितलं तर ती माफी मागत बसेल. रोज साडेपाचला माफीच मागेल. मग वाचायची थांबेल. पस्तीस वर्षांत बायको माझ्याशी एवढं बोलली नव्हती रे. टाकी गेली तर जाऊ दे.'" श्रीशैलने रुमाल खिशात कोंबला. "पाडव्याला दुपारी परत फोन आलता. हात घातला म्हणाले. झेनिया गेला म्हणाले. मग फोनवर लई वेळ गप्पच होते. मला वाटलं कट झाला. तर म्हणाले, 'कैरी मात्र अजून बरोबर सांगते.'"

टाकी मी नेऊ दिली नाही. श्रीशैल गेला आणि मी जिथे होते तिथेच बसून राहिले. वाटत होतं, दोन वाक्यं बोलायची होती. मी घासलं, मला माफ करा. हे म्हणाले असते, असू दे. आणि मग दोघांनी मिळून, हे सांगतायत आणि मी टोचतेय, अशा त्या दुपारी गेल्या असत्या. त्याऐवजी भिंतीच्या अलीकडे मी चोरून चुना कालवत होते, आणि पलीकडे हे चोरून जागे होते. आणि शेवटच्या संध्याकाळी, ज्या एका गोष्टीसाठी ह्यांनी टाकी जाऊ दिली, तिलाच मी नाही म्हटलं होतं. ह्याला आता नऊ वर्षं झाली. हे दुःख मला अजून जसंच्या तसं होतं.

श्रीशैल येऊन गेला त्या दिवशी साडेपाचला टायमरने निळा दिवा लागला. ह्यांची खुर्ची जागेवरच होती. मी स्टूल ओढलं, चष्मा लावला.

"वाचते हं," मी म्हटलं. "आज खरं वाचते. ताणा आहे. बाणा आहे. झिंगे दोनच दिसतात. झेनिया नाही. मी घालवला. घट बसायच्या आदल्या दिवशी, भाजीच्या सुरीने. त्याच्या जागी आणि बाकी सगळीकडे तीच आहेत. तपकिरी."

मी थांबले. पंप चालू होता, पाणी हलत होतं.

कुठला तपकिरी, असं कुणी विचारलं नाही.